काटा कुठे होता?

आमच्या वर्ध्याच्या घरी आई, बाबा आणि मोटार अशी तिघे राहतात. मोटारीला मी मुद्दामच माणसांत धरले आहे. तिचे काही दुखलेखुपले की घरात जी धावपळ उडते, ती माणसाच्या आजारपणात उडत नाही. बाबांना स्वतःला ताप आला तर ते दोन दोन दिवस कुणाला कळू देत नाहीत. मोटारीने मात्र नुसता खोकला काढला, की त्याच संध्याकाळी मला नागपूरला फोन येतो.

मोटार म्हणजे प्रीमियर पद्मिनी. पांढरी, १९८४ सालची. बाबांची वकिली तेव्हा भरात होती. आज हिंगणघाटच्या कोर्टात तारीख, तर उद्या आर्वीच्या. एस.टी.च्या वेळा आणि कोर्टाच्या वेळा यांचे कधी सूत जमत नसे. शेवटी पैसे भरून, नंबर लावून आणि पुष्कळ वाट पाहून ही गाडी दसऱ्याच्या दिवशी दारात उभी राहिली. मारुतीची पहिली गाडी १९८३ च्या डिसेंबरात रस्त्यावर आलेली होती, आणि तीच घ्या असे सांगणारेही पुष्कळ भेटले. पण बाबा म्हणाले, "तिची अजून चौकशी चालू आहे. हिची उलटतपासणी तीस वर्षं झालेली आहे."

त्यात अतिशयोक्ती नव्हती. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली, आणि १९५० नंतरच्या दशकात कुर्ल्याच्या कारखान्यातून इटलीच्या फियाटच्या परवान्याने '११००' जातीच्या गाड्या बाहेर पडू लागल्या. पुढे १९७४ च्या सुमारास या गाडीला 'पद्मिनी' हे नाव मिळाले. नाव बदलले, तरी बॉनेटखालचे १०८९ सी.सी.चे चार सिलिंडरांचे इंजिन जुन्याच घराण्यातले राहिले. म्हणून तर लोक तिला अखेरपर्यंत 'फियाट'च म्हणत आले.

या गाडीचे पुढचे आसन सलग बाकासारखे आहे, आणि गिअरचा दांडा स्टिअरिंगलाच. लहानपणी आईबाबांच्या मधे बसून मी सारा जिल्हा पाहिला, आणि मोठी झाल्यावर सेवाग्रामच्या रस्त्यावर याच गाडीवर हात बसवला. मुंबईची शेवटची काळीपिवळी पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून उतरली. ती बातमी बाबांनी आईकडून दोनदा वाचून घेतली, आणि दिवसभर ते कुणाशी फारसे बोलले नाहीत.

आता मूळ गोष्टीकडे वळते.

२०२४ चा मे महिना होता. आमच्याकडचा मे म्हणजे काय, हे पुण्यामुंबईच्या वाचकांना शब्दांनी सांगून कळायचे नाही. पारा पंचेचाळिसाला टेकलेला असतो आणि सकाळी दहालाच रस्ते ओस पडतात. अशा एका रविवारी संकष्टी आली. केळझरच्या सिद्धिविनायकाला जाऊन यावे असे आईच्या मनात आले. केळझर हे विदर्भाच्या अष्टविनायकांपैकी एक. वर्ध्याहून नागपूरच्या रस्त्याला लागले की पवनार, मग सेलू आणि मग केळझर. एकंदर पंचवीसेक किलोमीटरचा पल्ला. दर्शन घेऊन दोघे परतीला लागली, तेव्हा साडेअकरा होऊन गेले होते.

सेलू मागे पडले आणि गाडीचा जोर ओसरू लागला. बाबांनी पाय दाबला, तर वेग वाढण्याऐवजी गाडी गुरगुरू लागली. पवनारच्या अलीकडे तिने एक हिसका दिला आणि ती थांबली.

बाबांनी जागच्या जागी निदान केले, "व्हेपर लॉक!" जुन्या मोटारवाल्यांच्या हा शब्द पाठ असतो. कडक उन्हात पेट्रोलची नळीतच वाफ होते, पंपाला वाफ ओढता येत नाही आणि इंजिन उपाशी राहते. उपायही ठरलेला. पंपावर ओले फडके ठेवायचे आणि सावलीत बसायचे. बाबांच्या गाडीत फडके आणि पाण्याची बाटली चाळीस वर्षे मुक्कामाला आहेत. त्यांनी फडके घातले, वीसेक मिनिटे थांबले आणि चावी फिरवली. गाडी सुरू झाली, पण लंगडत. फर्लांगभर गेली नाही तोच बॉनेटच्या फटींतून वाफ निघाली आणि सारे शांत झाले. शेवटी एका ट्रॅक्टरवाल्याने दोर बांधून गाडी वर्ध्यापर्यंत ओढत आणली. पैसे देऊ केले, तर 'काकाजी, उन्हात बसू नका' एवढे बोलून तो निघून गेला.

दुपारी मी नागपूरहून येऊन पोहोचले, तेव्हा घरात वैद्यमंडळ भरलेले होते. गावातला एक गॅरेजवाला येऊन गेला होता. त्याने बॉनेट उघडले, हात मागे बांधून आत पाहिले आणि निकाल दिला, "इंजिन जाम झालं. पूर्ण खोलावं लागेल. बोअर, पिस्टन, रिंग सगळं नवीन. साठ हजार धरून चाला." शेजाऱ्यांचे म्हणणे पडले, की जुने इंजिन काढून दुसऱ्या गाडीचे बसवावे. आमचे आतेभाऊ व्यवहारी. त्यांनी भंगारवाल्याला फोनही लावून ठेवला होता. पंचवीस हजार रोख आणि उचलून नेण्याचा खर्च त्याचा.

बाबा आरामखुर्चीत डोळे मिटून ऐकत होते. सगळ्यांचे झाल्यावर म्हणाले, "आरोपपत्र तयार आहे, शिक्षाही ठरली आहे. पण पुरावा कुणी पाहिला का?"

पुरावा कुणीच पाहिला नव्हता. म्हणून दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली आणि आर्वी नाक्याकडच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींकडे गाडी ओढत नेली. लिंबाच्या झाडाखाली टिनाचे शेड आणि त्यात तीन-चार जुन्या गाड्या. मिस्त्रींनी बॉनेटला हात लावण्याआधी आम्हांला बाकावर बसवले, चहा मागवला आणि पंधरा मिनिटे नुसते प्रश्न विचारले. गाडी बंद पडताना आवाज कसा आला? वास कसला आला? जोर एकदम गेला की हळूहळू? परत सुरू केली तेव्हा किती दूर गेली? चांगला डॉक्टर नाडीआधी हकीकत ऐकतो, तसेच ते. बाबा खूष झाले. "जबानी नीट घेतो आहे," ते माझ्या कानात म्हणाले.

त्यानंतर तपासणी सुरू झाली. ज्यांच्या दाराशी मोटार आहे त्यांना ती उपयोगी पडेल, म्हणून क्रमाने सांगते.

पहिली गोष्ट, गाडी चौथ्या गिअरमध्ये टाकून दोन पोरांनी ढकलली. इंजिन फिरले. "ताई, जाम झालेलं इंजन असं फिरत नाही," मिस्त्री म्हणाले. "जाम झालं म्हून कोनं सांगतलं तुमाले?" साठ हजारांतला पहिला खांब तिथेच पडला.

दुसरी गोष्ट, तेलाची पट्टी. इंजिनातली पट्टी काढून त्यांनी तेल बोटांवर चोळले. तेल काळे होते, पण दुधाळ नव्हते. पाणी तेलात उतरले की त्याला साय घातलेल्या चहाचा रंग येतो, आणि मग खालच्या बेअरिंगांची काळजी करावी लागते. तो धोका टळला होता.

तिसरी गोष्ट, पाणी. रेडिएटर कोरडा ठणठणीत होता. खालची रबरी नळी वळवून पाहिली तर पोटाशी तडकलेली, आणि गळलेले पाणी वाळून तिच्याभोवती पांढरे डाग पडलेले. म्हणजे गाडी तहानेने गेली होती, आणि बाबांचा 'व्हेपर लॉक' फेटाळला गेला.

चौथी तपासणी मला सर्वांत आवडली. सायकलच्या पंपाच्या तोंडावर बोट ठेवून दट्ट्या दाबला, की बोटाला हवेचा रेटा लागतो. इंजिनाच्या प्रत्येक सिलिंडरमध्ये असाच एक दट्ट्या हवा दाबत असतो. त्या दाबाला कॉम्प्रेशन म्हणतात. मिस्त्रींनी चारही प्लग काढले, एकेका भोकात दाब मोजायचे घड्याळ बसवले आणि स्टार्टर मारायला मला सांगितले. मी आकडे पाटीवर लिहून घेतले. पहिला १२५, दुसरा ५०, तिसरा ४५, चौथा १२०.

मिस्त्री पाटीकडे बोट दाखवून म्हणाले, "पाहा. कडेचे दोघं धडधाकट. मधले दोघं, शेजारीशेजारी, संगंच बिमार. याचा अर्थ काय?"

अर्थ त्यांनीच सांगितला. वय झाल्यामुळे रिंगा झिजल्या असत्या, तर चारही आकडे कमीअधिक उतरले असते. शेजारचे दोनच पडले, तेव्हा त्यांच्यामधली भिंत फुटलेली असणार. खात्रीसाठी त्यांनी मधल्या दोन सिलिंडरांत चमचाभर तेल सोडून पुन्हा दाब मोजला. रिंगांचा दोष असता तर तेलाने फट बुजून आकडा वर आला असता. तो जवळजवळ हललाच नाही. तेव्हा बोअर, पिस्टन आणि रिंगा निर्दोष सुटल्या.

मग हेड उतरवले. या इंजिनाचा खालचा ठोकळा बिडाचा आणि वरचे झाकण, म्हणजे हेड, ॲल्युमिनियमचे असते. दोहोंच्या मधे गॅस्केटचा पातळ थर बसवलेला असतो. तो दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरच्या मधोमध जळून काळा ठिक्कर पडला होता. मिस्त्रींनी हेड उलटे करून त्यावर पोलादी पट्टी उभी धरली. पट्टीखालून मधल्या भागात उजेड दिसला. ॲल्युमिनियम बिडापेक्षा जास्त फुगते. फार तापले की हेड वाकते. तिथे एका कागदाइतकी फटही चालत नाही, आणि आमच्या हेडाखाली दोन-तीन कागद सहज सरकले असते.

आजार सापडला होता. औषधही अवघड नव्हते. हेड नागपूरला पाठवून यंत्रावर सपाट करून घ्यायचे, नवे गॅस्केट, नव्या नळ्या, रेडिएटरची सफाई. सगळे मिळून साडेएकवीस हजार. मी मनातल्या मनात पेढे वाटले.

पण मिस्त्रींचा एक प्रश्न शिल्लक होता. हेड पट्टीवर तोलत त्यांनी तो अगदी सहज विचारला.

"वकीलसाहेब, एवढं वाकाले गाडी लई वेळ तापाव लागते. काटा कुठी व्हता?"

डॅशबोर्डवर पाण्याच्या उष्णतेचा एक काटा असतो. बाबा चटकन म्हणाले, "मधे होता. नेहमीच्या जागी."

"मग काटाच खराब असन," असे म्हणून मिस्त्रींनी इंजिनातली छोटी पितळी घुंडी काढली, तारा जोडल्या आणि चहाच्या पातेल्यातल्या उकळत्या पाण्यात ती बुडवली. मला आत बसून काटा पाहायला सांगितले. काटा सरसर चढला. पातेले खाली उतरवले, गार पाणी ओतले, तसा तो निमूट खाली आला. काटा बिचारा चाळीस वर्षांनंतरही खरे बोलत होता.

बाबांनी वकिली मुद्दा काढला. "पाणीच गळून गेल्यावर काटा कशाची उष्णता दाखवणार? कोरड्यात तो खाली येईल."

"येते ना साहेब, बरोबर हाय तुमचं. पन पानी जाता जाता तो एकदा वर चढतेच."

यावर कुणी काही बोलले नाही. आणि मग, सकाळपासून बाकावर जपमाळ घेऊन बसलेली आई म्हणाली,

"काटा लालला टेकला होता. सेलूच्या अलीकडेच. मी पाहिला."

बाबा तिच्याकडे वळले. "मग बोलली का नाहीस?"

"चाळीस वर्षांत तुमच्या गाडी चालवण्यात मी कधी बोलले आहे? गाडी आली त्या दसऱ्यालाच तुम्ही सांगितलं होतं, चालवणाऱ्याशी बोलू नये म्हणून. आणि मला वाटलं, तुम्हाला दिसतच असेल."

बाबांनी चष्मा काढला, धोतराच्या टोकाने पुसला आणि पुन्हा घातला. नंतर अगदी हलक्या आवाजात म्हणाले, "मला काटे दिसत नाहीत गं. वर्ष होऊन गेलं. रस्ता दिसतो. आतलं सगळं धुक्यासारखं दिसतं. वेग मी आवाजावरून ओळखतो."

माझ्या पायांतले बळ गेले. सेलूचा तो रस्ता, दोन्ही बाजूंनी सुसाट जाणारे ट्रक, आणि त्यांतून ब्याऐंशी वर्षांचा माणूस कानांच्या भरवशावर गाडी हाकतो आहे, शेजारी आई. लायसनची मुदत अजून संपलेली नव्हती. कागदावर सगळे ठीक होते. ती बातमी त्यांनी दोनदा वाचून का घेतली होती, ते मला त्या बाकावर बसून कळले.

आता गाडी दुरुस्त करायची की नाही, हा प्रश्न पहिल्यासारखा सोपा राहिला नाही. दोन दिवस घरात या विषयावर कुणी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी आतेभावांनी मला बाजूला घेतले. "सोन्यासारखी संधी आहे. मिस्त्रीला सांग, इंजिन कामातून गेलं म्हणून कळवून टाक. गाडी गेली की मामांचं चालवणं आपोआप बंद. कुणाला तोंडावर 'तुम्ही आता चालवू नका' म्हणायला नको."

खोटे कशाला सांगू? मला ते पटले. म्हाताऱ्या बापाला तोंडावर 'तुम्हाला दिसत नाही' असे म्हणण्यापेक्षा, तो दोष इंजिनावर ढकलणे किती सोयीचे होते! मी मिस्त्रींकडे गेले आणि अडखळत माझे गाऱ्हाणे मांडले. त्यांनी हातातला पाना खाली ठेवला.

"ताई, खोटा रिपोर्ट म्या देत नाही. गाडीचं दुखनं अलग, मानसाचं अलग. एकाचं बिल दुसऱ्याच्या नावानं फाडू नोका."

मी तशीच घरी आले आणि बाबांच्या समोर बसले. जे बोलायचे ते बोलले. वाटले होते, ते चिडतील. पण त्यांनी कपाटातून आपला जुना लांब कागदांचा गठ्ठा काढायला सांगितला. "दोन दावे एकत्र झाले आहेत. आधी वेगळे कर. लिही."

पहिला दावा गाडीचा. दुरुस्ती साडेएकवीस हजार, आणि भंगाराची किंमत पंचवीस. ऑक्टोबरात नोंदणीची मुदत संपणार होती. पंधरा वर्षांहून जुन्या मोटारीच्या नूतनीकरणाची फी पूर्वी सहाशे रुपये होती, ती एप्रिल २०२२ पासून पाच हजार झाली. त्यावर हरित कर आणि विमा. दोघांचे फिरणे महिन्याकाठी शंभर किलोमीटरसुद्धा नाही. मी स्पष्टच लिहिले, की लागेल तेव्हा टॅक्सी मागवली तर ती या गाडीपेक्षा स्वस्त पडेल. आकडे सर्वस्वी गाडीच्या विरुद्ध गेले.

तेव्हा आई पुन्हा बोलली. त्या आठवड्यात ती वर्षभराचे बोलली असावी. "टॅक्सी स्वस्त पडेल, खरं आहे. पण आम्ही ती मागवणार नाही. दारात गाडी आहे म्हणून संकष्टीला केळझर होतं, पवनारला नदीकाठी जाणं होतं. फोन करून परक्या माणसाला बोलवायचं, त्याला ताटकळत ठेवायचं, हे आमच्यानं व्हायचं नाही. गाडी गेली की आम्ही घरात बसू."

हा खर्च माझ्या कागदावर नव्हता, आणि तो साडेएकवीस हजारांहून पुष्कळ मोठा होता.

बाबांचा मिस्कीलपणा एव्हाना परत आला होता. "शिवाय या गावानं इंजिनावाचूनसुद्धा मोटार चालवली आहे," ते म्हणाले. गांधीजी सेवाग्रामला राहत तेव्हा पक्का रस्ता नव्हता. त्या काळी बजाजांच्या एका जुन्या फोर्ड गाडीला बैल जुंपून पाहुण्यांना नेत-आणत, असे वर्ध्यात सांगतात. बैलाला इंग्रजीत ऑक्स म्हणतात, म्हणून त्या गाडीचे नाव पडले 'ऑक्सफर्ड'! "आपलं इंजिन तर तीन-चतुर्थांश शाबूत आहे," बाबांनी पुस्ती जोडली.

दुसरा दावा चालवणाऱ्याचा. त्याचा निकाल बाबांनी स्वतःच सांगितला आणि माझ्याकडून लिहून घेतला. डोळे तपासून उपचार होईपर्यंत आरोपीने स्टिअरिंगला हात लावू नये. आमच्या गल्लीत एस.टी.तून निवृत्त झालेले एक चालक राहतात. हाक मारली की ते येतील आणि त्यांना योग्य मोबदला द्यावा. डाव्या बाजूला बसणाऱ्याने काट्यावर लक्ष ठेवावे आणि दिसेल ते बोलावे. खाली सही केली, आणि ती ओळीच्या बरीच वर गेली.

पुढचे सगळे रीतसर झाले. गॅस्केटचा संच मुंबईहून, कुर्ल्याच्या बाजारातून आला. हेड सपाट होऊन आले. मिस्त्रींनी पाण्याच्याच नव्हे, तर पेट्रोलच्या नळ्याही बदलल्या. पेट्रोलमध्ये मिसळणारे इथेनॉल जुन्या रबराला सोसत नाही, असे ते म्हणाले. ते प्रमाण २०२५ मध्ये वीस टक्क्यांवर गेले, तेव्हा त्यांची दूरदृष्टी पटली. जूनअखेर इंजिन सुरू झाले. पुन्हा घड्याळ लावून दाब मोजला. चारही आकडे एकमेकांना धरून होते.

बाबांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला निघाला. सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात जुलैत उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली, सप्टेंबरात डाव्या. पट्टी सोडल्यावर ते आधी आईकडे पाहत राहिले आणि म्हणाले, "तुझे केस इतके पांढरे कधी झाले?"

या सगळ्यातून मी काय शिकले, ते गृहिणींनी आणि गृहस्थांनी दोघांनीही ऐकून ठेवावे. काटा लालकडे झुकला, किंवा नव्या गाडीत तांबडा दिवा लागला, तर 'घर जवळच आहे' असे म्हणू नये. तिथेच बाजूला घेऊन इंजिन बंद करावे. गरम रेडिएटरचे झाकण उघडू नये, उकळते पाणी तोंडावर उडते. तापलेल्या इंजिनावर गार पाणी ओतू नये. अर्धापाऊण तास थांबावे. आमची गाडी सेलूला थांबली असती, तर एका रबरी नळीवर भागले असते. इंजिन पूर्ण खोलायला कुणी सांगितले, तर आधी चारही सिलिंडरांचे आकडे पाटीवर लिहून मागावेत. आणि शेजारी बसणाऱ्याला काही दिसले, तर त्याने बोलावे. चाळीस वर्षांचा संसार असला तरी बोलावे.

दसऱ्याच्या आधी गाडीची तपासणी होऊन नोंदणी पुढे पाच वर्षांसाठी मिळाली. दसऱ्याला तिला झेंडूची माळ घातली. डॉक्टरांनी बाबांना चालवायची मुभा दिली होती. बाबांनी मात्र आपला निकाल स्वतःच आणखी कडक केला. फक्त दिवसा, फक्त पवनारपर्यंत, आणि शेजारी साक्षीदार असेल तरच.

त्या सकाळी मी मागे बसले होते. पुढे बाबा आणि आई. गावाबाहेर पडलो, धाम नदीचा पूल दिसू लागला. आई समोर पाहत, जरा संकोचानेच म्हणाली, "काटा मधे आहे."

"साक्ष नोंदली," बाबा म्हणाले, आणि त्यांनी गिअर बदलला.